पहिलटकरणीच्या उशाशी

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्याचं एक टोक हिंजवडीच्या आयटी पार्कात आहे आणि दुसरं ताम्हिणीच्या घाटात. मधे पौड, तालुक्याचं ठिकाण. ग्रामीण रुग्णालयही तिथलंच. पिरंगुटच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्याच्या घरी कळा सुरू झाल्या तर दाराशी रिक्षा येते. धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीत त्याच कळा सुरू झाल्या तर आधी फोनला रेंज शोधायची, मग गाडी, मग रस्ता चालू आहे का ते बघायचं. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. बाळ असा दिवस बघून येत नाही.

तरीही घरची बाळंतपणं आता जवळजवळ संपली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. २००५ ची जननी सुरक्षा योजना, २०११ चा जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम, २०१४ पासूनची १०८ ची गाडी आणि वाडीवस्तीवर फिरणाऱ्या आशाताई, या सगळ्यांचं हे फळ. घरी की दवाखान्यात, हा जुना वाद मिटल्यातच जमा आहे. उरलेला प्रश्न कुणी फारसा विचारत नाही: दवाखान्यात पोचल्यावर, लेबर रूमचं दार लागल्यावर, आत तिच्याजवळ कोण असतं? आणि ती सोळा-सतरा वर्षांची असली तर?

अशा मुली किती, याचा राज्याचा आकडा त्याच पाहणीत आहे. १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी ७.६ जणी पाहणीच्या वेळी आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या. विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मुळशीत या मुली शोधायला लांब जावं लागत नाही. डोंगराकडेच्या कातकरी वस्त्या आहेत. महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी ही एक. दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. त्या सहा-सात महिन्यांत शाळा सुटते, मुलीकडे बघायला कुणी नसतं आणि लग्न लवकर उरकलं जातं. दुसऱ्या टोकाला हिंजवडी-माणच्या इमारतींवर काम करणारे मजूर आहेत, मराठवाड्यातून आणि राज्याबाहेरून आलेले. त्यांच्या पत्र्याच्या खोल्यांतही पोट पुढे आलेली, शाळकरी चेहऱ्याची मुलगी दिसते. गावातल्या खात्यापित्या घरांत नसतात असंही नाही. तिथे गोष्ट पळून जाण्यापासून सुरू होते, किंवा पळून जाईल या भीतीने आधीच लावून दिलेल्या लग्नापासून.

कमी वयातलं बाळंतपण म्हटलं की लोक दोन टोकं गाठतात. आजी म्हणते, ‘आमच्या वेळी पंधराव्या वर्षी मांडीवर मूल असायचं, काय झालं आम्हाला?’ (ज्यांना काही झालं त्या हे सांगायला मागे राहिल्या नाहीत, हे आजीच्या ध्यानात येत नाही.) शिकलेली माणसं म्हणतात, एवढ्या लहान पोरीचं सिझरच करावं लागणार. दोघांचंही पूर्ण खरं नाही.

मुलीची उंची आधी वाढते आणि कटीची हाडं मागून रुंदावतात. पाळी सुरू झाल्यावरही काही वर्षं ही वाढ चालू असते. म्हणून तेरा-चौदा-पंधराव्या वर्षी बाळाचं डोकं वाटेत अडण्याची भीती खरी असते. अठरा-एकोणीसच्या मुलीची गोष्ट वेगळी. तिची हाडं बहुतेक तयार झालेली असतात, गर्भाशयाचा स्नायू ताजा असतो, आणि सरळ बाळंतपणाची शक्यता चांगली असते. या वयाचे खरे शत्रू दुसरेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २९ देशांतल्या दवाखान्यांतून लाखाहून जास्त तरुण मातांची माहिती गोळा केली, तेव्हा विशीच्या आतल्या मातांमध्ये झटके येणं, बाळंतपणानंतर गर्भाशयात आणि अंगभर जंतुसंसर्ग होणं, बाळ दिवस भरण्याआधी येणं आणि वजनाने कमी भरणं, हे सगळं २० ते २४ च्या बायकांपेक्षा जास्त दिसलं. त्यात आपल्याकडे रक्त कमी. मुलगी स्वतःच वाढत असते, त्यामुळे तिच्या ताटातल्या घासावर दोघांचा हक्क असतो आणि पोटातल्याला बऱ्याचदा कमी मिळतं. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये सुरू केलेल्या माता-पोषण अभ्यासात, ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात-पीत त्यांची बाळं वजनाने चांगली भरली. मुळशीच्या पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी ही रानभाजी बांधाबांधावर फुकट उगवते. ती गरोदर पोरीच्या ताटात पडते का, एवढंच बघायचं.

झटक्यांबद्दल दोन वाक्यं जास्त लिहायला हवीत. पहिल्या खेपेला आणि लहान वयात रक्तदाब चढण्याचा धोका अधिक. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, बरगडीखाली पोटात कळ, तोंडा-हाताला एकदम सूज. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नये. वाडीवर अजून कुणीतरी म्हणतंच, ‘बाहेरचं काहीतरी आहे, उतरवून टाका.’ उतरवायला वेळ घालवला तर पोर जाते. मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन हा झटक्यांवरचा ठरलेला उपाय आहे आणि ते स्वस्त आहे.

हे झालं शरीराचं. पण कळांच्या वेळी शरीर आणि मन असं वेगळं काढता येत नाही. गर्भाशय आकुंचन पावतं ते ऑक्सिटोसिनमुळे. माणूस घाबरला की रक्तात ॲड्रेनालिन वाढतं. ते कळा मंदावतं, अंग आखडवतं, आणि आखडलेल्या अंगात तीच कळ दुप्पट दुखते. दुखलं की भीती आणखी वाढते. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने १९३० च्या दशकात हे चक्र मांडलं, तेव्हा त्याचे सहकारी त्याला हसले. त्याच्या सगळ्याच म्हणण्याला पुढे आधार मिळाला असं नाही, पण भीतीबद्दलचा मुद्दा टिकला. आणि घाबरायला सोळाव्या वर्षापेक्षा सोपं वय नाही. ज्या मुलीला पाळीबद्दलसुद्धा नीट कुणी सांगितलेलं नसतं, बाळ नक्की कुठून बाहेर येतं याचीही खातरी नसते, तिला दिव्याखाली टेबलावर झोपवून ‘पाय फाक’ म्हटलं जातं. त्या खोलीत तिचं असं कुणीच नसतं.

भीती घालवायला लागतं काय? याचं उत्तर १९८० मध्ये ग्वाटेमालातल्या एका दवाखान्यातून आलं. तिथे पहिलटकरणी एकट्याच कळा काढायच्या. नातेवाईक आत नसायचे. सोसा, केनेल आणि क्लाउस या डॉक्टरांनी त्यातल्या काही जणींजवळ एक अनोळखी बाई बसवली. तिने करायचं एवढंच: पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचं. अडचण न आलेल्या बाळंतपणांत एकट्या बायकांना दाखल झाल्यापासून मोकळं व्हायला सरासरी १९.३ तास लागले, सोबत असलेल्यांना ८.८. पुढे १९९९ मध्ये बोत्सवानात १०९ पहिलटकरणींवर असाच प्रयोग झाला. तिथे सोबतीला शिकलेली दाई नव्हती, घरातलीच एखादी बाई होती. सोबत असलेल्यांपैकी ९१ टक्के जणी आपापल्या कळांनी मोकळ्या झाल्या. सोबत नसलेल्यांत हा आकडा ७१ होता. २०१७ पर्यंत असे २६ अभ्यास जमले, १७ देशांतल्या पंधरा हजारांहून जास्त बायकांचे. त्यांचा एकत्र निष्कर्ष तोच: सोबत असली की सिझर कमी, वेळ कमी, वेदनाशामक औषधाची गरज कमी, आणि बाळंतपणाची वाईट आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बायकाही कमी. याच तोडीचा परिणाम देणारी गोळी निघाली असती तर कंपनीने तिची किंमत काय लावली असती, याची कल्पना करावी. इथे तर मावशी लागते.

पण कुठलीही मावशी चालत नाही. आपल्याकडे गृहीत असतं की पोरीची आई असली म्हणजे झालं. ही आई स्वतः पस्तिशीची असते. तिचं पहिलं बाळंतपणही सोळाव्याच वर्षी, कदाचित भट्टीवर किंवा शेताच्या बांधावर झालेलं असतं, आणि लेकीची किंकाळी ऐकली की तिला स्वतःचं आठवतं. मग दोघी रडतात. सासूबद्दल न बोललेलं बरं; काही सासवा सोन्यासारख्या असतात, पण सुनेला त्यांच्यासमोर लुगडं वर करायची लाज वाटते, हेही खरं. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात, घरातलं कुणी जवळ नसताना, मुलीलाच विचारावं: ‘त्या वेळी तुला कोण पाहिजे?’ बहुधा उत्तर अनपेक्षित येतं. मोठी बहीण, आत्या, शेजारची एखादी वहिनी, कधी आशाताईच. जिचा आवाज चढत नाही आणि जी रात्रभर जागू शकते, ती बाई.

त्या बाईने काय करायचं, ते आता जरा सविस्तर सांगतो.

पहिलटकरणीच्या सुरुवातीच्या कळा फसव्या असतात. कंबर धरते, पोट कडक होतं, सुटतं, तासाभराने परत. गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा हा काळ किती चालेल याचा नेम नाही. रात्र जाते, कधी दुसरा दिवसही जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार खरा जोराचा टप्पा पाच सेंटिमीटरनंतर धरायचा, आणि तिथून पुढे पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत लागू शकतात. मुलीला हे आधी माहीत असलं पाहिजे. नाहीतर चार तासांनी तपासून सिस्टर म्हणते, ‘दोनच बोटं उघडलंय,’ आणि पोरीला वाटतं आपल्यातच काहीतरी खोट आहे. या सुरुवातीच्या काळात तिला झोपवून ठेवू नये. चालू द्यावं, ओणवं होऊ द्यावं, भिंतीला टेकून उभं राहू द्यावं. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर पेज, लिंबू सरबत, मऊ भात द्यावा. बाळंतपण हे कष्टाचं काम आहे, ते उपाशीपोटी होत नाही. दर दोन तासांनी लघवीला न्यावं, कारण भरलेलं मूत्राशय बाळाची वाट अडवतं आणि लाजणारी मुलगी स्वतःहून सांगत नाही. पण धरणापलीकडच्या वाडीत असाल तर हा सगळा काळ घरी काढू नका. पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या, तर कुठल्याही गावात थांबणं नाही.

कळा जवळजवळ येऊ लागल्या की सोबतिणीचं काम बदलतं. आता गप्पांचा उपयोग नाही. कळ आली की कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाबून धरायचं. पुष्कळ जणींना याने आराम पडतो, एखादीला हात लावलेलाही नको असतो, तेव्हा लावू नये. श्वास आत घ्यायला शिकवावं लागत नाही, बाहेर सोडायला शिकवावं लागतं: लांब, सावकाश, फुंकर घातल्यासारखा. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. तिघी-चौघी एकदम ‘असं कर, तसं कर’ म्हणू लागल्या की मुलगी कुणाचंच ऐकत नाही. मोठ्या बाया कळा सोसताना बोलतात, चिडतात. लहान मुली बऱ्याचदा गप्प होतात, डोळे मिटून घेतात, आणि बघणाऱ्याला वाटतं फार त्रास होत नाहीये. गप्प मुलीकडे जास्त लक्ष द्यावं. आणि तोंड पूर्ण उघडायच्या अगदी आधी एक वेळ येते, तेव्हा बहुतेक सगळ्याच म्हणतात, ‘मला नाही जमणार, मला घरी न्या.’ तिथे तिला खोटा धीर देऊ नये, खरं तेच सांगावं: हे वाटतं तेव्हा काम संपत आलेलं असतं.

आतून तपासण्याची भीती या वयात सगळ्यात मोठी. ज्या मुलीवर जबरदस्ती झालेली असते तिला तर तो हात तपासणीचा वाटतच नाही. ती पाय मिटते, ओरडते, कधी लाथ मारते, आणि लेबर रूममध्ये तिला आडमुठी ठरवतात. चांगली सिस्टर आधी सांगते, अंगावर चादर ठेवते, हात लावण्यापूर्वी विचारते, ‘थांब’ म्हटलं की थांबते. याला अर्धं मिनिट जास्त लागतं. ‘तेव्हा बरी मजा वाटली, आता कशाला बोंबलतेस?’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती लेबर रूमांनी ऐकलं असेल त्याची मोजदाद नाही. ते म्हणणारी बाई दुष्ट असते असं मी म्हणणार नाही. सलग ड्यूटी, तीन टेबलांना एक सिस्टर, हे मी समजू शकतो. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये स्वतंत्र निवेदन काढून बाळंतपणातल्या अशा अपमानाला हक्कांचा भंग म्हटलं आहे, आणि वर सांगितलेल्या ॲड्रेनालिनच्या हिशेबाने तो वैद्यकीय चूकही आहे: अपमान झालेल्या मुलीच्या कळा मंदावतात आणि ड्यूटी लांबते.

जोर लावण्याच्या वेळी घाई नको. तोंड पुरतं उघडण्याआधी ‘लाव जोर’ म्हणून दमवलं तर नेमक्या वेळी तिच्यात ताकद उरत नाही. या टप्प्याला पहिल्या खेपेला तीन तासांपर्यंत लागू शकतात. वरून पोट दाबून बाळ ढकलण्याची पद्धत अजून कुठे कुठे दिसते. ती करू नये, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. सरसकट कापून टाके घालणं, एनिमा देणं, केस काढणं, याही गोष्टींची गरज नाही. बाळ आलं की ते पुसून तिच्या छातीवर, नाळ एक ते तीन मिनिटांनी कापायची, आणि आईला ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन, रक्तस्राव रोखण्यासाठी. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन मुळात सात-आठ आहे, तिला थोडं रक्त जाणंही झेपत नाही. वार पडली म्हणजे सुटलो, असं समजून सोबतीण चहाला गेली आणि चादर भिजत राहिली, असं होऊ नये. पहिले दोन तास तिथून हलायचं नाही.

आता सोबतीण आत घेतात का? केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी एका सोबतिणीला परवानगी दिली. अटी साध्या: ती घरातली, शक्यतो बाळंतपण अनुभवलेली बाई असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने दुसऱ्या बायकांत लुडबुड करू नये आणि डॉक्टर-नर्सच्या कामात आडवं येऊ नये. शेजारची वहिनी किंवा आशाताई हवी असेल तर दवाखान्यात आधीच विचारून ठेवावं. २०१७ च्या अखेरीस आलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात लेबर रूमच्या दर्जाच्या मोजमापात सोबत आणि आदर या गोष्टी आल्या. कागद पक्का आहे. अडतं ते खोलीवर. दोन टेबलांमध्ये पडदा नसला की एकीची सोबतीण म्हणजे दुसरीची बेअब्रू, आणि सिस्टर सगळ्यांनाच बाहेर काढते. म्हणजे मुळात प्रश्न पडद्याचा, दोनशे रुपयांच्या कापडाचा. एवढ्यावरून मुलीला एकटीला सोडायचं, हे मला पटत नाही.

याहून अवघड गाठ कायद्याची आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिचं गरोदरपण हाच, पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायदा २०१२ प्रमाणे, गुन्ह्याचा पुरावा ठरतो. ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं, नाही कळवलं तर तोच दोषी. ११ ऑक्टोबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लग्न झालेलं असलं तरी सुटका नाही. मुलींच्या रक्षणासाठी हा कायदा हवाच. बारा-चौदा वर्षांच्या मुलीला चाळिशीच्या माणसाच्या गळ्यात बांधणारे या राज्यात अजून आहेत. पण त्याची सावली लेबर रूमवर अशी पडते की कार्डावर वय एकोणीस लिहिलं जातं. कार्डावर एकोणीस असलेल्या मुलीची कटी डॉक्टर तितक्या काळजीने बघत नाही, रक्तदाबाचा संशय तितका घेत नाही. नवऱ्याला पोलीस नेतील या भीतीने काही जणी शेवटच्या तासापर्यंत दवाखान्यात येतच नाहीत. ज्या जोखमीपासून वाचवायचं त्याच जोखमीत आपण तिला ढकलतो.

पुण्याला हा पेच नवा नाही. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्या काळात कोवळ्या वयात विधवा झालेल्या, घरातल्याच कुणाकडून गरोदर राहिलेल्या मुलींपुढे विहीर नाहीतर गर्भपाताची पुडी, एवढेच मार्ग होते. बाळ मारलं तर काळ्या पाण्याची शिक्षा होती. फुल्यांनी जाहीर सांगितलं की इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा. जोतीरावांच्या १८८४ च्या निवेदनाप्रमाणे तोवर ३५ विधवा तिथे मोकळ्या झाल्या होत्या. सावित्रीबाई त्यांचं बाळंतपण स्वतः बघत. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. पुढे तो डॉक्टर झाला. त्या घरात काय विचारलं जाई आणि काय विचारलं जात नसे, यात आजच्या दवाखान्याला शिकण्यासारखं आहे. त्याच काळात कल्याणच्या आनंदीबाई जोशी नवव्या वर्षी लग्न होऊन चौदाव्या वर्षी आई झाल्या. मुलगा दहा दिवस जगला. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या, ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधाचा विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचाच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या वारल्या तेव्हा त्यांना बावीस पुरी नव्हती. अठराच्या आतली आई हा आपला फार जुना विषय आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारावर नेली, तर त्याविरुद्ध मोठा आवाज याच शहरातून उठला होता.

आज फुल्यांसारखी गुप्ततेची हमी देणं दवाखान्याच्या हातात नाही. पण क्रम त्याच्या हातात आहे. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे की तातडीचे उपचार देण्यासाठी पोलिसांचं पत्र किंवा कुठलाही कागद मागता येत नाही. म्हणजे आधी टेबल, मग चौकी. पोलिसांना कळवायचं ते कळवावं. पण दोन कळांच्या मधे जबाब घेऊ नये, आणि खरं वय सांगितल्याबद्दल मुलीला दरडावू नये. तिला वेगळ्या खोलीत, तिच्या सोबतिणीदेखत, कुणीतरी शांतपणे सांगावं की पुढे काय होणार आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक अशा मुलीसाठीही आहे, कारण कडेवर मूल असलं तरी कायद्याने ती स्वतः मूल आहे.

घरी गेल्यावरचे दिवस हे वेगळं प्रकरण होईल, पण दोन गोष्टी इथेच सांगायला हव्यात. गोव्यात म्हापशाच्या एका रुग्णालयात झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर शंभरांत २३ बाळंतिणी सहा-आठ आठवड्यांनी नैराश्यात सापडल्या होत्या. मुलगी झाली, घरात मारहाण असली, की प्रमाण वाढत होतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी हे सगळं असूनही ती बाळाकडे बघत नसेल, रात्री बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, तर ‘आळशी आहे’ म्हणण्याआधी आशाताईला बोलवावं. आणि पाळणा लांबवायचा विषय दवाखान्यातून निघण्याआधीच काढावा. तांबी आहे, २०१७ पासून सरकारी दवाखान्यात मिळणारं ‘अंतरा’ इंजेक्शन आहे. सतराव्या वर्षी पहिलं आणि अठराव्या वर्षी दुसरं, हे तिच्या रक्ताला परवडणारं नाही. शाळा सुटलेली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं. त्याला वर्गात बाळ घेऊन बसावं लागत नाही.

मुळशीत, वेल्ह्यात, भोरला, कुठेही तुमच्या घरात किंवा वस्तीवर अशी पोर असेल तर आठव्या महिन्यात तिला घेऊन एकदा दवाखान्यात जा. लेबर रूम तिला डोळ्यांनी बघू द्या. टेबल कुठलं, संडास कुठे, सिस्टरचं नाव काय. तिचं हिमोग्लोबिन आणि रक्तदाब कार्डावर लिहिलाय का ते बघा. खरं वय डॉक्टरांना सांगा. पावसाळ्यात तारीख असेल तर आठ-दहा दिवस आधीच तिला रस्त्याकाठच्या नातेवाइकाकडे आणून ठेवा. बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण (सरळ बाळंतपणाला तीन दिवस, सिझरला सात), येण्या-जाण्याची गाडी, हे सगळं सरकारी दवाखान्यात मोफत आहे. जननी सुरक्षा योजनेच्या पैशांसाठी असलेली वयाची अटही मे २०१३ मध्ये उठली आहे. अडचण वाढली तर पौडहून औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनला पाठवतात, तेव्हा सोबतिणीने त्याच गाडीत बसावं. गाडीसाठी १०८ किंवा १०२. आणि लेबर रूमच्या दाराशी कुणी सोबतिणीला अडवलं तर भांडू नका. फेब्रुवारी २०१६ पासून एका बाईला आत थांबायची परवानगी आहे, एवढं सांगा आणि पडदा मागा.